मंडईशेजारचे केशवराव जेधे

वसतिगृहात असताना रविवारी सकाळी आमच्यापैकी दोघातिघांची पाळी मंडईत भाजी आणण्याची असे. गृहपाल सर यादी देत, रिकामी पोती देत आणि परतल्यावर उरलेल्या पैशांचा हिशेब पैशापैशाने मागत. त्या उंच अष्टकोनी मनोऱ्याखाली मेथीच्या जुड्या मोजत आम्ही उभे राहत असू. इमारतीवरचे महात्मा फुले हे नाव रोज दिसे. ते तेथे कसे आले, हा प्रश्न मात्र आमच्यापैकी कोणालाही पडला नाही. शेजारच्या शुक्रवार पेठेत जेधे मॅन्शन आहे, हेही आम्हांस ठाऊक नव्हते. सुट्टीत गावी जाण्यासाठी स्वारगेटला ज्या जेधे चौकात उतरत असू, ते जेधे कोण, हे तर फार उशिरा कळले. आता तेथे त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे आणि मंडईच्या पोटातून मेट्रो धावते. नावे राहिली आहेत. माणूस विस्मरणात गेला आहे.

संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी एखाद्या जुन्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहिण्यास सांगितले, तेव्हा आम्ही देशभक्त केशवराव मारुतीराव जेधे यांचे नाव सुचविले. आमच्या शाळेच्या स्मरणिकेत हे नाव काही वाचकांना अनपेक्षित वाटेल. केशवराव आपल्या चळवळीचे नव्हते. तथापि त्यांच्या आयुष्यातील एका कठीण प्रसंगी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले होते. दुसरे असे की, एकाच बलाढ्य पक्षाची सत्ता असताना लहान पक्षाने काय करावे, हा आपल्या घरांत तीन पिढ्या वादाचा ठरलेला प्रश्न केशवरावांनीही स्वतःपुरता सोडवून पाहिला होता.

केशवरावांचा जन्म २१ एप्रिल १८९६ रोजी पुण्यात झाला. घराणे मूळचे भोरकडील कारीचे, शिवकाळातील कान्होजी जेध्यांच्या कुळातले. पुण्यात मात्र त्यांचा व्यवसाय पितळी भांड्यांचा होता. कारखाना आणि घरची सारी जबाबदारी वडीलबंधू बाबूराव यांनी सांभाळली. बाबूरावांचा कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांशी निकटचा संबंध होता. त्यामुळे सत्यशोधक विचार या घरात आपसूकच आला. धाकट्या भावास सार्वजनिक कामासाठी मोकळे ठेवणारा असा थोरला भाऊ लाभणे, हे त्या काळच्या कितीतरी कार्यकर्त्यांच्या नशिबी नव्हते. जेधे मॅन्शन हे ब्राह्मणेतर चळवळीचे पुण्यातील ठाणे झाले, त्याचे निम्मे श्रेय आम्ही बाबूरावांना देतो.

मंडईची हकीकत येथेच सांगावयास हवी. ही इमारत १८८६ साली उघडली गेली आणि त्या वेळच्या गव्हर्नरांच्या नावाने तिला रे मार्केट म्हणत. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. गोरगरिबांच्या शिक्षणाची आबाळ असताना बाजाराच्या भव्य इमारतीवर पैसा ओतावा, हे त्यांना मान्य नव्हते. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीस जोतीरावांचे नाव देण्यात आले. दोहोंच्या मधल्या काळात, म्हणजे १९२४ साली, मंडईजवळ लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा राहिला व मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. १९२५ साली नगरपालिकेचे तरुण सभासद केशवराव जेधे यांनी जोतीरावांचाही पुतळा शहरात उभारावा, असा ठराव मांडला. ठराव फेटाळला गेला. ज्या गावात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, त्या गावाच्या नगरपालिकेला जोतीरावांच्या स्मृतीसाठी जागा सापडू नये, याचा संताप ब्राह्मणेतर तरुणांत उसळणे स्वाभाविक होते.

त्या संतापातून 'देशाचे दुश्मन' ही पुस्तिका बाहेर पडली. ती दिनकरराव जवळकर यांनी लिहिली आणि केशवरावांनी प्रसिद्ध केली. जवळकर हे विलक्षण धारदार लेखणीचे तरुण होते. १९२२ पासून सुरू झालेल्या छत्रपती मेळ्यातून जेधे-जवळकर ही जोडी पुण्याच्या गणेशोत्सवात गाजत होती. पुस्तिकेत टिळक व विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर अतिशय कडक, ठिकठिकाणी असभ्य म्हणावी अशी टीका होती. आम्ही ती भाषा आज उचलून धरणार नाही. तिच्यावर बदनामीचा खटला झाला व लेखक, प्रकाशक, मुद्रक आणि प्रस्तावनाकार या चौघांनाही १९२६ साली कनिष्ठ न्यायालयाने कैदेची शिक्षा ठोठावली. अपिलात त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. वकिली सुरू करून त्यांना जेमतेम तीन वर्षे झाली होती. त्यांनी कायद्याच्या मुद्द्यांवर हे अपील जिंकले आणि चौघेही सुटले.

यानंतर दोन्ही चळवळी हातात हात घालून चालतील, असे कोणासही वाटले असते. तसे घडले नाही. १९२७ साली महाडच्या सत्याग्रहाची तयारी सुरू असता जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला, पण एक अट घातली. सत्याग्रहात कोणत्याही ब्राह्मणाला, मग तो कितीही सुधारक असो, घेऊ नये. बाबासाहेबांनी ही अट नाकारली. त्यांचा विरोध ब्राह्मण्यास होता, जन्माने ब्राह्मण असलेल्या प्रत्येक माणसास नव्हता. महाडला त्यांच्याबरोबर त्यांचे ब्राह्मण व कायस्थ सहकारी होतेच. या एका प्रसंगात दोन्ही चळवळींतील भेद दिसतो. केशवरावांचे भांडण प्रामुख्याने वरच्या पायरीवर बसलेल्यांशी होते. खालच्या पायरीवरील माणसाला वर घेण्याचे काम त्यांच्या चळवळीने त्याच तडफेने केले, असे म्हणण्यास आधार सापडत नाही. त्यांच्याविषयी आदर बाळगूनही हे लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

१९३० च्या सुमारास केशवरावांच्या आयुष्याला मोठे वळण मिळाले. शेटजी-भटजींचा पक्ष म्हणून ज्या काँग्रेसला त्यांनी आजवर दूर ठेवले होते, त्याच काँग्रेसमध्ये ते कायदेभंगाच्या चळवळीच्या वेळी गेले आणि त्यांनी तुरुंगवास पत्करला. काकासाहेब गाडगीळ यांच्याशी जडलेली मैत्री यामागे होती, आणि परक्या सरकारच्या आश्रयाने बहुजनांचे भले होणार नाही ही जाणीवही होती. जवळकर १९३२ सालीच निवर्तले. १९३४ च्या निवडणुकीत गाडगीळ आणि जेधे दोघेही मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून आले. पूर्वी ज्यांच्या मेळ्यांनी एकमेकांविरुद्ध गाणी म्हटली, त्यांचे पुढारी आता एकाच व्यासपीठावरून खेड्यापाड्यांत फिरू लागले. महाराष्ट्रातील शेतकरी समाज काँग्रेसकडे वळला तो या काळात, आणि त्याला वळविणाऱ्यांत केशवरावांचे नाव पहिल्या दोन-चार जणांत येते. पुढे ते प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षही झाले.

याच वर्षांत बाबासाहेबांनी दुसरी वाट धरली होती. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात काँग्रेसची सत्ता आली, तेव्हा हा लहानसा पक्ष विरोधी बाकांवर बसला. कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले. १९३८ च्या जानेवारीत कुळांचा मोठा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. विधेयक संमत झाले नाही. तथापि कूळ आणि मजूर यांचा प्रश्न सत्ताधाऱ्यांच्या तोंडावर सभागृहात मांडला गेला. केशवराव त्या वेळी सत्ताधारी पक्षात होते. दहा वर्षांनी त्यांच्यावरही बाहेर पडण्याची पाळी आली.

स्वातंत्र्य जवळ आले तसा काँग्रेसमधील बहुजन कार्यकर्त्यांचा भ्रमनिरास वाढत गेला. तुरुंगात जाण्यास, सभा भरविण्यास, बेचाळीसच्या चळवळीत डोके फोडून घेण्यास खेड्यांतील तरुण होते. प्रांतिक पक्षाची आणि मंत्रिमंडळाची सूत्रे मात्र शहरी उच्चवर्णीयांच्या हाती राहिली. त्यात धान्याची सक्तीची वसुली आली. शेतकऱ्याच्या खळ्यावरून सरकारी भावाने धान्य उचलले जाई आणि बाजारात त्यालाच चढ्या दराने कापड घ्यावे लागे. शंकरराव मोरे, केशवराव जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ च्या सुमारास काँग्रेसच्या आतच शेतकरी कामगार संघ उभा केला. जेधे मॅन्शनमध्ये बैठकी झडू लागल्या. यशवंतराव चव्हाणही या विचारविनिमयात होते. पक्ष सोडण्यास मात्र ते तयार झाले नाहीत. स्वतंत्र घटना व सभासदत्व असलेल्या गटांना काँग्रेसमध्ये थारा नाही, असा नियम १९४८ च्या आरंभी झाला. समाजवादी त्याच सुमारास बाहेर पडले. मोरे-जेध्यांनीही त्याच वर्षी काँग्रेस सोडली आणि संघाचा शेतकरी कामगार पक्ष झाला.

केशवराव त्या वेळी घटना समितीचे सभासद होते. बाबासाहेब जुलै १९४७ मध्ये मुंबई प्रांतातूनच त्या समितीवर पुन्हा निवडून आले होते. १९२६ साली पुण्याच्या न्यायालयातील वकील आणि त्यांचे अशील एकवीस वर्षांनी एकाच सभागृहात बसले. या योगाविषयी कोणी फारसे लिहिलेले आमच्या वाचनात आले नाही, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

नव्या पक्षाकडे पुढारी होते. क्रांतिसिंह नाना पाटलांसारखा लोकांच्या गळ्यातील ताईत असलेला माणूस होता, तुळशीदास जाधव होते, दत्ता देशमुख होते. खेड्यांत त्यांच्या सभांना माणसे लोटत. पण पक्ष म्हणजे नेमके काय, यावर लवकरच वाद माजला. १९५० साली नाशिक जिल्ह्यातील दाभाडी येथे पक्षाने मार्क्सवादी-लेनिनवादी भूमिका स्वीकारली. ती दाभाडीचा प्रबंध म्हणून ओळखली जाते. केशवरावांसारख्या सत्यशोधक परंपरेतून आलेल्या, कारखानदार घरातील माणसाला ती भाषा कितपत आपली वाटली असेल, याची शंका येते. तरुण डाव्यांना तर तीही पुरेशी वाटली नाही. फूट पडली, काहीजण बाहेर गेले, त्यांतील काही पुढे कम्युनिस्ट पक्षात पोहोचले. निवडणूक दोन वर्षांवर आली असता पक्ष असा आतून पोखरला गेला.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई विधानसभेच्या ३१५ जागांपैकी काँग्रेसने २६९ जिंकल्या. शेतकरी कामगार पक्षाला १४ मिळाल्या. सभांची गर्दी आणि मतपेटी यांतील हे अंतर आपल्या समाजाला नवे नाही. एक निकाल मात्र आमच्या वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावा. सोलापूरच्या दोन सभासदांच्या लोकसभा मतदारसंघातून सर्वसाधारण जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आले आणि राखीव जागेवर शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज आले. राजभोज हे पुण्याचे, १९२९ च्या पर्वती सत्याग्रहातील अग्रणी. काँग्रेसच्या लाटेत दोन लहान पक्षांनी एकाच मतदारसंघातील दोन्ही जागा घेतल्या, असे ते दुर्मीळ उदाहरण आहे. याच निवडणुकीत बाबासाहेबांचा मुंबईत पराभव झाला.

एका पक्षाच्या वर्चस्वाखाली इतर पक्षांचे काय होते, याची उदाहरणे जगभर आहेत. चीनमध्ये सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाखेरीज आठ लहान पक्ष आजही अस्तित्वात आहेत. त्यांना सत्तेला आव्हान देण्याची मुभा नाही. पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवटीत शेतकऱ्यांचा एक पक्ष असाच मांडलिक म्हणून चालविला गेला. भारतात तशी सक्ती नव्हती. येथे निवडणुका खुल्या होत्या, वृत्तपत्रे होती, सभा घेता येत होत्या. तरीही एकच पक्ष पुनःपुन्हा निवडून येत राहिला. राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी यांनी १९६४ साली या व्यवस्थेची चिकित्सा केली. भोवतीचे लहान पक्ष सत्ता घेऊ शकत नाहीत. ते दबाव आणतात, सत्ताधारी पक्षातील एखाद्या गटाशी बोलतात, त्याचे धोरण थोडे वाकवितात, अशी त्यांची मांडणी होती. आम्ही यात महाराष्ट्राच्या अनुभवावरून एवढेच जोडू की, मोठा पक्ष प्रथम त्यांची भाषा उचलतो आणि मग त्यांची माणसे.

१९५४ साली केशवराव आणि शंकरराव मोरे काँग्रेसमध्ये परतले. ज्या कार्यकर्त्यांनी त्यांच्या शब्दावर घरदार, शेती, गावातील सोयरीक यांची पर्वा न करता सहा वर्षे काढली, त्यांना हा विश्वासघात वाटला. तो राग आम्ही समजू शकतो. आपल्याकडेही असा राग अनेकदा उसळला आहे. रिपब्लिकन पक्षाच्या एकेका गटाने १९६७ पासून काँग्रेसशी समझोते केले, तेव्हा वस्त्यावस्त्यांत हेच शब्द ऐकू आले. परंतु केशवरावांच्या परतण्याचा एकच अर्थ लावणे आम्हांस पटत नाही. १९४८ साली ज्या तक्रारींमुळे ते बाहेर पडले, त्यांतील काहींची दखल काँग्रेसला घ्यावी लागली होती. कूळ कायदा १९४८ साली झाला. १९५६ च्या दुरुस्तीने तो कसणाऱ्याला जमिनीचा मालक करण्यापर्यंत पोहोचला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. १९५६ च्या अखेरीस द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्रिपद शेतकरी घरातील यशवंतरावांकडे आले. बाहेर एक पक्ष दार ठोठावत नसता, तर आतल्यांना इतक्या लवकर जागा मिळाली असती, असे आम्हांस वाटत नाही. केशवरावांच्या लहान पक्षाचे हे कार्य आहे, आणि त्याचे श्रेय त्या पक्षाच्या खात्यात क्वचितच जमा होते.

मात्र त्या दारातून आत कोण गेले, हेही पाहिले पाहिजे. शेतकरी या शब्दात ज्याच्याकडे चार एकर आहेत तो येतो आणि त्याच्या बांधावर मजुरीला जाणाराही येतो, असे भाषणांत म्हटले जाई. कायद्याने जमीन मिळाली ती कुळाला. ज्याचे नाव कूळ म्हणून कधीच लागले नव्हते, जो महारकी किंवा मजुरी करीत होता, त्याला काहीच मिळाले नाही. म्हणून १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांना भूमिहीनांचा सत्याग्रह वेगळा उभारावा लागला आणि १९६४ साली तो देशभर न्यावा लागला. आमच्यापैकी कित्येकांचे आजोबा त्यात तुरुंगात गेले होते.

केशवरावांच्या चरित्रातील आणखी एक प्रसंग याच संदर्भात महत्त्वाचा आहे. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यातील टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. त्या सभेचे अध्यक्ष केशवराव जेधे होते. ज्यांनी तीस वर्षांपूर्वी टिळकांवर जहाल टीकेची पुस्तिका प्रसिद्ध केली, त्यांनीच टिळकांच्या स्मारकात बसून या ऐक्याची मुहूर्तमेढ रोवली. समितीत कॉम्रेड डांगे होते, एस. एम. जोशी होते, शेतकरी कामगार पक्ष होता आणि शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनही होते. महाडच्या वेळी घातलेली अट या सभागृहात कोणी काढली नाही. वेगवेगळ्या लहान पक्षांनी आपापले झेंडे न सोडता एका मागणीसाठी एकत्र यावे, हा प्रयोग १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात असा यशस्वी झाला की काँग्रेसची पुरती झोप उडाली. आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली.

१९५७ साली केशवराव बारामतीतून लोकसभेवर गेले. १२ नोव्हेंबर १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या महाराष्ट्र राज्यासाठी त्यांनी ते अध्यक्षस्थान स्वीकारले होते, ते राज्य अवघ्या सहा महिन्यांनी अस्तित्वात आले.

त्यांनी सोडलेला पक्ष संपला नाही. कुलाबा जिल्ह्यात, मराठवाड्यात उद्धवराव पाटलांच्या रूपाने, आणि सांगोल्यात तो दीर्घकाळ टिकून राहिला. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले आणि अखेरपर्यंत एस.टी.ने प्रवास करणारे आमदार म्हणून लोकांच्या लक्षात राहिले. एन. डी. पाटलांसारख्या माणसाने आयुष्यभर त्या पक्षाचा झेंडा खांद्यावर वाहिला. संस्थापक निघून गेल्यावरही अनुयायांनी पक्ष चालवावा, असे आपल्या राजकारणात फारसे घडत नाही.

केशवरावांच्या निधनाने बारामतीची जागा रिकामी झाली आणि १९६० साली तेथे पोटनिवडणूक लागली. काँग्रेसने केशवरावांचे चिरंजीव गुलाबराव जेधे यांना उभे केले. त्यांच्या विरोधात शेतकरी कामगार पक्षाकडून काटेवाडीच्या पवार कुटुंबातील वकील वसंतराव उभे राहिले. त्यांच्या मातोश्री शारदाबाई याही त्याच विचाराच्या. वसंतरावांचे धाकटे बंधू शरद पवार मात्र तेव्हा काँग्रेसचे तरुण कार्यकर्ते होते आणि त्यांनी थोरल्या भावाविरुद्ध, जेध्यांच्या मुलासाठी प्रचार केला. घरात कोणी कोणाशी अबोला धरला नाही, असे सांगतात. निवडून आले गुलाबराव. शेतकरी कामगार पक्ष ज्या जेधे मॅन्शनमध्ये आकाराला आला होता, त्याच घरच्या उमेदवाराने त्या पक्षाच्या उमेदवाराला हरविले.